उद्यमबागेतला डबा आणि न संपणारा बिल्ड

ज्या प्रोसेसरला दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये येत नाही, त्याच्यावर एखादं सॉफ्टवेअर सोर्सपासून, म्हणजे मूळ लिहिलेल्या कोडपासून, बांधायला घ्या (यालाच बिल्ड म्हणतात) आणि कुणालाही विचारा की इतका वेळ का लागतोय. उत्तर ठरलेलं: ‘एफपीयू नाही ना, मग लागणारच.’ एफपीयू म्हणजे दशांशाचं गणित करणारा प्रोसेसरमधला भाग. गेल्या पावसाळ्यात मला हे उत्तर तपासून बघावं लागलं. त्या बिचाऱ्या नसलेल्या एफपीयूच्या नावावर भलत्यांचीच उधारी मांडलेली निघाली. खरा दोष होता तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे कुणी बघतच नव्हतं.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपची ऑटोमेशनची किरकोळ कामं करतो. पॅनेल, सेन्सर, डिस्प्ले, मध्येच रुसलेला एखादा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा कंट्रोलर. एका फाउंड्रीत इंडक्शन भट्टीच्या धातूचं तापमान नोंदवायची सोय मीच करून दिली आहे. ग्रे आयर्न ओतताना धातू १४०० अंशांच्या आसपास लागतो. थंड झाला तर साच्याच्या पातळ कोपऱ्यात पोचत नाही, फार तापला तर कास्टिंगला दुसरे रोग लागतात. भट्टीवाला लांब दांड्याच्या टोकाला थर्मोकपलची, म्हणजे तापमानाप्रमाणे किंचित व्होल्टेज देणाऱ्या तारांची, टीप लावून ती धातूत बुडवतो, काही सेकंदांत वाचन येतं आणि टीप फेकून द्यायची. इनपुट कार्ड मायक्रोव्होल्ट देतं, ते आरएस-४८५ च्या दोन तारांवरून केबिनमधल्या एका डब्यात येतात आणि तिथे त्यांचे अंश होतात.

डबा म्हणजे एके काळी फाइली साठवायला घेतलेलं नेटवर्क स्टोरेज. आत मार्वेलच्या किर्कवूड मालिकेतली १.२ गिगाहर्ट्झची एआरएम जातीची चिप आणि ५१२ एमबी रॅम. २००९ मध्ये शीवाप्लग नावाचा भिंतीच्या सॉकेटात बसणारा संगणक आला होता, त्यातही याच मालिकेतली चिप होती. वीज नगण्य खातो, आणि मुख्य म्हणजे पंखा नाही. फाउंड्रीत उडणारी वाळू आणि कोळशाची भुकटी ज्यानं पाहिली आहे त्याला पंखा नसण्याची किंमत कळेल. मालकांचं म्हणणं सरळ होतं, “चालतंय न्हवं? मग नवं कशाला?”

चालत होतंच. अडलं ते माझ्या भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं हौसेनं पायथॉनमध्ये, पांडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी वापरून, नोंदींवरून शिफ्टवार अहवाल काढणारा प्रोग्राम लिहिला आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

“मामा, सगळं पांडाजमधी लिहिलोय. तुमच्या डब्यावर टाका की. एक कमांड मारायची, झालं.”

कमांड मारली. त्याच्या लॅपटॉपवर हीच कमांड मिनिटभरात संपते, कारण तिथे तयार बांधलेली पॅकेजं उतरतात. पिप हा पायथॉनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम; त्याला उतरवता येतील अशी तयार पॅकेजं या डब्याच्या जातीसाठी कुणी ठेवत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी पायव्हील्स नावाची तयार पॅकेजांची सोय आहे, पण ती दशांशाचं हार्डवेअर आहे असं धरून बांधलेली असतात, इथे चालत नाहीत. मग पिपनं निमूटपणे सोर्स उतरवला आणि बांधायला घेतला. आधी नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी, मग पांडाज. संध्याकाळी मी अनगोळला घरी गेलो, सकाळी आलो, तरी स्क्रीनवर तीच ओळ. भट्टीवर एक कन्नड बोलणारे काका आहेत, ते केबिनमध्ये डोकावले आणि हसून म्हणाले, “स्वल्प तडीरी.” थोडं थांबा.

थांबायला हरकत नव्हती, पण रात्री पाऊस जोरात झाला, लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि सगळं पहिल्यापासून. पिप आपलं बांधकाम तात्पुरत्या फोल्डरात करतो; मध्ये तुटलं की अर्धवट काम टाकून देतो. खानापूर रोडच्या बाजूला पावसाळ्यात रात्रभर सलग लाईट राहणं हे गृहीत धरून चालत नाही. म्हणून पहिला बदल हा केला की पिपच्या भरवशावर न राहता सोर्स स्वतः उतरवून घेतला आणि मेसॉन आणि निन्जा ही बांधणीची हत्यारं हातानं चालवली. निन्जाचं बरं असतं, झालेल्या फाइली ओळखतो आणि पुढून सुरू करतो. ज्याला अशा यंत्रावर काही बांधायचं आहे त्यानं हे आधी करावं, बाकीचं नंतर.

आता एफपीयू नसणं म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणारी फाइल उघडली की त्यात गुणांची एक ओळ असते. या चिपच्या ओळीत ‘फास्टमल्ट’ आहे, ‘ईडीएसपी’ आहे, ‘थम’ आहे; ‘व्हीएफपी’, म्हणजे एआरएमचा एफपीयू, नाही. म्हणजे पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार हार्डवेअरमध्ये होतो, दशांशाचा होत नाही. हे काही जगावेगळं नव्हे. पीसीतही पूर्वी हेच होतं: इंटेलनं १९८० मध्ये ८०८७ हा वेगळा गणिती साथीदार काढला, तो वेगळा विकत घेऊन शेजारच्या सॉकेटात बसवायचा. पुढे ४८६ डीएक्समध्ये तो पोटातच आला, तरी १९९१ च्या ४८६ एसएक्समध्ये ती सोय नव्हती. राउटर आणि स्टोरेजच्या डब्यांत तर ती फार उशिरापर्यंत नव्हती, कारण फाइली इकडून तिकडे करायला दशांश लागतोच कुठे?

मग प्रोग्राममध्ये दशांशाचा गुणाकार आला की काय होतं? दोन रस्ते आहेत. पहिला असा की कंपायलरलाच, म्हणजे सोर्सच्या प्रोसेसरसाठी सूचना बनवणाऱ्या प्रोग्रामलाच, माहीत असतं की हार्डवेअर नाही. तो गुणाकाराच्या जागी एका छोट्या फंक्शनची हाक घालतो. ते फंक्शन ६४ बिटांच्या आकड्यातलं चिन्ह, ११ बिटांचा घातांक आणि ५२ बिटांचा अपूर्णांक वेगळे करतं, पूर्णांकांनी गुणतं, पूर्णांकन करतं आणि पुन्हा जोडून देतं. एआरएमसाठी जीसीसी या कंपायलरमध्ये ही फंक्शनं हातानं असेंब्लीत लिहिलेली आहेत आणि फार नीट लिहिलेली आहेत. एका सूचनेच्या जागी काही डझन सूचना लागतात, इतकंच. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचं ‘आर्मेल’ हे याच पद्धतीचं. २००९ च्या लेनी आवृत्तीपासून आलं. हार्डवेअर असलेल्यांसाठीचं ‘आर्मएचएफ’ २०१३ च्या व्हीझीत आलं.

दुसरा रस्ता वाईट. प्रोग्राम हार्डवेअर आहे असं समजूनच बांधलेला असतो. प्रोसेसरला ती सूचना कळत नाही, तो अडखळतो, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, धावत येतो, सूचना वाचतो, तिचं गणित सॉफ्टवेअरमध्ये करतो, उत्तर जागेवर ठेवतो आणि प्रोग्रामला पुढे जाऊ देतो. पुढच्याच ओळीत पुन्हा तेच. प्रत्येक बेरजेवर तहसील कचेरीचा शिक्का आणायला जावं, तसा प्रकार. आर्मेलच्या आधीचं डेबियनचं जुनं एआरएम असंच चालायचं. माझ्याकडे घरी एमआयपीएस जातीच्या प्रोसेसरचा एक जुना राउटर आहे, त्यावर डेबियन घालून मी हे मुद्दाम करून पाहिलं. एकच छोटा गुणाकाराचा लूप, एकदा सॉफ्टफ्लोट करून, म्हणजे पहिल्या रस्त्यानं, एकदा हार्डफ्लोट करून, म्हणजे दुसऱ्या. हार्डफ्लोटवाला इतका मागे पडला की मी चहा करून आलो. आणि ‘टाइम’ कमांडनं ते कुठे गेलं तेही दाखवलं: सॉफ्टफ्लोटचा वेळ ‘यूझर’च्या रकान्यात, हार्डफ्लोटचा जवळजवळ सगळा ‘सिस’च्या रकान्यात, म्हणजे कर्नलच्या खात्यावर.

‘टाइम’चे तीन रकाने, ‘रिअल’ (घड्याळाचा एकूण वेळ), ‘यूझर’ (प्रोग्रामचा स्वतःचा) आणि ‘सिस’ (कर्नलचा), याच कामाला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले. डब्यावर निन्जा चालवताना एकेका फाइलीवर ‘टाइम’ लावला. एफपीयूची गोष्ट खरी असती तर ‘यूझर’ फुगलेला दिसायला हवा होता, कारण डबा आर्मेलवर आहे आणि त्याचं दशांशाचं काम तिथेच मोजलं जातं. दिसलं भलतंच. ‘रिअल’ प्रचंड, आणि ‘यूझर’ व ‘सिस’ मिळून त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. प्रोसेसर काम करत नव्हता, वाट बघत होता. कशाची? ‘व्हीएमस्टॅट’ ही मेमरीचे आकडे दाखवणारी कमांड चालवली तर स्वॅपचे, म्हणजे रॅम पुरेना म्हणून डिस्कवर होणाऱ्या ने-आणीचे, आकडे सतत नाचत होते. पांडाजच्या काही फाइली सायथॉन या पायथॉनचं सी करणाऱ्या हत्यारातून सीमध्ये येतात तेव्हा अवाढव्य होतात. त्यातली एकेक बांधताना कंपायलर एकटाच डब्याची सगळी रॅम मागतो आणि वर अजून मागतो. ती ‘अजून’ यूएसबीच्या जुन्या हार्डडिस्कवरून येत होती. म्हणजे आमचा बिल्ड अडला होता तो डिस्कच्या सुईवर.

त्यात भर म्हणून सायथॉन स्वतः. तोही इथे तयार मिळत नाही, शुद्ध पायथॉनच्या रूपात उतरतो आणि त्या रूपात फार सावकाश चालतो. इथे ‘यूझर’ फुगतो खरा, पण तेही दशांशानं नव्हे. अक्षरं वाचणं, झाडं बांधणं, शब्दकोशात शोधणं, सगळं पूर्णांकांचं.

आणि ‘कॉन्फिगर’ नावाचा तो जुना लांबलचक विधी, तो तर या डब्यावर बघवत नाही. हेडर आहे का, फंक्शन आहे का, एकेका प्रश्नासाठी एकेक छोटा प्रोसेस जन्माला येतो आणि मरतो. डबा सुरू होताना कर्नल एक ओळ छापतो, की डेटा कॅश आणि सूचनांची कॅश (प्रोसेसरच्या पोटातली छोटी, जलद मेमरी) दोन्ही ‘व्हीआयव्हीटी’ आहेत. म्हणजे कॅशमधल्या गोष्टी प्रोसेसच्या आभासी पत्त्यांवर मांडलेल्या. दोन प्रोसेसचे आभासी पत्ते सारखे असू शकतात, म्हणून एका प्रोसेसकडून दुसऱ्याकडे जाताना कॅश रिकामी करावी लागते. कॉन्फिगर हे तेच तर करतं, क्षणोक्षणी प्रोसेस बदलतं. हा संथपणा एफपीयू लावून एका क्षणानंही कमी झाला नसता. मला वाटतं जुन्या एआरएमवर काम करणाऱ्या कितीतरी जणांनी याचाच राग दशांशावर काढला असेल.

आता स्वतः कंपायलर. मला आधीपासून शंका होती की तो दशांशाचं गणित भरपूर करत असणार, सोर्समध्ये ‘३.१४’ लिहिलेलं असतं, त्याचे बिट कुणीतरी काढायलाच हवेत. काढतो तो, पण यजमान प्रोसेसरच्या, म्हणजे ज्यावर बांधणी चालू आहे त्याच्या, एफपीयूला विचारून नाही. जीसीसी दशांशाचे स्थिरांक स्वतःच्या पूर्णांकी पद्धतीनं ठेवतो, आणि २००८ च्या ४.३ आवृत्तीपासून जीएमपी आणि एमपीएफआर या मोठ्या आकड्यांच्या गणिताच्या लायब्ररी बांधणीला सक्तीच्या झाल्या. त्याही आतून पूर्णांकांवरच चालतात. कारण सोपं आहे: आज इंटेलवर बसून एआरएमसाठी बांधलं आणि उद्या एआरएमवर बसून बांधलं तर दोन्ही वेळी बिटन् बिट तेच यायला हवं. यजमानाच्या एफपीयूवर विसंबलं तर ती खात्री राहत नाही. म्हणजे ज्या कामाच्या नावानं सगळे एफपीयूला बोल लावतात, ते काम एफपीयूला हातही न लावता होतं.

मग खरंच दशांश कुठे लागतो? लागतो, आणि तिथे हा डबा अक्षरशः रडतो. कंपायलरच्या भोवतालची जी मंडळी बिल्डच्या वेळी चालवली जातात, त्यांच्यात.

ऑक ही मजकूर हाताळणारी छोटी भाषा, हे पहिलं नाव. बिल्डमध्ये कुठलीतरी तक्त्याची फाइल वाचून तिचं हेडर बनवायचं असेल तर ऑकची स्क्रिप्ट असतेच. खुद्द जीसीसीची पर्यायांची फाइल ऑकमधून जाते. ऑकमध्ये पूर्णांक असा प्रकारच नाही. ओळींचा मोजणीचा ‘आय’ एकानं वाढवला तरी ती ६४ बिटांच्या दशांशाची बेरीज असते. लुआ या भाषेचंही ५.३ आवृत्ती येईपर्यंत तसंच होतं. पर्फ हे वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं हत्यार लावून पाहिलं तर एरवी दिसणारी नावं खाली आणि सॉफ्टफ्लोटची बेरीज-गुणाकाराची फंक्शनं वर. माझ्या स्वतःच्या मेकफाइलमध्ये थर्मोकपलचा तक्ता ऑकनं बनवत होतो. तीच स्क्रिप्ट पायथॉनच्या पूर्णांकांत लिहिल्यावर फरक घड्याळाशिवाय कळला.

दुसरं, चित्रं. आमचा अहवाल मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लागतो. पाळीवर मच्छे-पिरनवाडीची पोरं आहेत तशी बैलहोंगलकडचीही आहेत, आणि कागद दोघांनी वाचायचा. त्यासाठीची चिन्हं एसव्हीजीतून (रेषांचं चित्र) पीएनजीत (ठिपक्यांचं चित्र) करायची पायरी बिल्डमध्येच होती. वक्ररेषा, पारदर्शकता, रंगांचं मिश्रण, सगळं दशांशात. इथे ‘रिअल’ आणि ‘यूझर’ हातात हात घालून वाढले, स्वॅप शांत होता. हा मात्र अस्सल एफपीयूचा खर्च. देवनागरीचा एक फॉन्ट फॉन्टफोर्जमधून बांधून पाहिला, तिथेही तेच. जोडाक्षरांचे बाक एकमेकांत मिळवून एक करताना त्याची दमछाक होते.

मजा अशी की अक्षरांच्याच क्षेत्रात काही लोकांनी हे आधीच ओळखलं होतं. फ्रीटाइप पडद्यावर अक्षर उमटवताना दशांश वापरतच नाही. पिक्सेलचे ६४ भाग करून पूर्णांकांत मोजतो. डोनाल्ड नूथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये एका पॉइंटचे ६५,५३६ भाग केले आणि ओळी-पानं तोडण्याचं गणित पूर्णांकांत ठेवलं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर परिच्छेद त्याच जागी तुटेल. त्यामुळे झालं काय, की पुस्तकभर दस्तऐवज टेकनं छापून काढणं या डब्याला जमतं आणि त्याच दस्तऐवजातलं एक छोटं चित्र बदलून घेताना त्याला घाम फुटतो.

तिसरी जागा म्हणजे चाचण्या. बिल्डच्या शेवटी चाचण्या चालतात आणि गणिती लायब्ररीच्या चाचण्यांत गणितच असणार. त्यात एक गोम आहे. मेसॉन एका चाचणीला मुळात ३० सेकंदच देतो. एका सी लायब्ररीच्या चाचण्या आमच्याकडे ‘नापास’ दाखवत होत्या. उत्तरं बरोबर, फक्त घंटा आधी वाजायची. वेळेचा गुणक वाढवून दिला की पास. डेबियनच्या बिल्ड यंत्रांवरही १५० मिनिटं काहीच छापलं नाही की बिल्ड मारला जातो. संथ आर्किटेक्चरची कितीतरी पॅकेजं चुकीमुळे नव्हे, मौनामुळे पडलेली आहेत.

भाच्याचं म्हणणं होतं की चाचण्या बंद करून टाकू. “मामा, तुम्ही उगंच ताप करून घेताय. नोचेक लावा, संपलं.” मी ऐकलं नाही. दशांशाचं काम सॉफ्टवेअर करतंय तर ते बरोबर करतंय का, हे याच डब्यावर तपासायला नको? आणि एक गंमत सापडलीच. नमपायमध्ये शून्यानं भागलं की उत्तर अनंत येतं आणि सोबत धोक्याची सूचना येते. या डब्यावर अनंत येतं, सूचना येत नाही. कारण ती सूचना एफपीयूच्या ध्वज-बिटांवरून कळते, आणि इथे ध्वज फडकवायला एफपीयूच नाही. नेहमीची बेरीज-गुणाकाराची उत्तरं मात्र लॅपटॉपशी शेवटच्या बिटापर्यंत जुळली. हे कळल्यावर अहवालात शून्याची तपासणी मी स्वतः घातली, सूचनेच्या भरवशावर सोडली नाही.

बांधणीचा तोडगा शेवटी लॅपटॉपवरच निघाला. आधी सरळ क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधणी, करून पाहिलं. तिथे टूलचेनच्या, म्हणजे कंपायलरच्या संचाच्या, नावात शेवटी ‘एचएफ’ आहे की नाही, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. ‘एचएफ’वाली फाइल डब्यावर टाकली तर ती सुरूच होत नाही, आणि येणारी त्रुटी ‘फाइल सापडली नाही’ अशी असते, समोर फाइल दिसत असताना; खरं म्हणजे तिला हवा असलेला लोडर तिथे नसतो. शिवाय नमपाय बांधताना काही छोटे प्रोग्राम चालवून यंत्राचे गुण बघितले जातात, ते क्रॉसमध्ये चालवता येत नाहीत, म्हणून ‘लाँग डबल’ कसा मांडला आहे वगैरे आपणच क्रॉस-फाइलीत लिहून द्यावं लागतं. या एआरएमवर लाँग डबल म्हणजे साधा ६४ बिटांचा डबलच. जमतं, पण एकेक पॅकेजला नवा खोडा.

त्यापेक्षा क्यूएमू, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, बरा वाटला. लॅपटॉपवर आर्मेल डेबियनचं एक वेगळं मूळ फोल्डर उभं केलं आणि त्यात सगळं जणू डब्यावरच चाललंय असं बांधलं. नकली प्रोसेसर म्हणजे आणखी संथ, अशी भीती होती. पण आर्मेलच्या प्रोग्राममध्ये दशांशाची सूचना मुळात नसतेच, सगळं पूर्णांकांत उतरलेलं. क्यूएमूला फक्त पूर्णांकांच्या सूचना भाषांतर कराव्या लागतात, आणि ते त्याला चांगलं येतं. रॅम १६ जीबी, म्हणून स्वॅपचा प्रश्न नाही. खरी जीत तिथेच होती. डब्यावर ज्या फाइलीनं रात्र खाल्ली ती इथे जेवण होईपर्यंत तयार होती. तयार पॅकेजं डब्यावर नेऊन ठेवली आणि फक्त चाचण्या तिथे रात्री चालवल्या, यूपीएसला नवी बॅटरी घालून.

हे सगळं झाल्यावर प्रोग्राम चालला. आणि चालल्यावर लक्षात आलं की नुसता पांडाज उघडेपर्यंत केबिनमधला माणूस दोनदा विचारतो, “झालं काय?” अहवाल शिफ्टला एकदाच, तरी पण. मी भाच्याला बसवून घेतलं आणि काम दोन भागांत तोडलं. डब्यानं फक्त नोंद करायची, अहवाल ऑफिसातल्या पीसीवर होईल. नोंदीचा भाग मी सीमध्ये पूर्णांकांत लिहिला. एस प्रकारच्या थर्मोकपलला १४०० अंशांना सुमारे १४.४ मिलिव्होल्ट येतात आणि त्या भागात एका अंशाला साधारण १२ मायक्रोव्होल्ट बदल होतो. मायक्रोव्होल्टवरून अंश काढायचं प्रमाणित सूत्र म्हणजे लांबलचक बहुपदी, सगळी दशांशात. तिच्याऐवजी मला लागणाऱ्या पट्ट्याचा तक्ता लॅपटॉपवर आधीच काढून ठेवला, अंशाच्या दहाव्या भागात, पूर्णांकांत. डब्यानं दोन नोंदींच्या मधली जागा गुणाकार-भागाकारानं काढायची. भाच्यानं शंका काढली की अचूकता जाईल. टीपचीच चूक एखाद्या अंशाहून जास्त असते, तिथे तक्त्यानं काय बिघडणार? दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून दाखवल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, “मग पांडाज कशाला बांधलो आपण?” 

प्रश्न रास्त होता. डेबियन १२ मध्ये आर्मेलसाठी बांधलेला पांडाज १.५.३ आयता होता, त्याच्या प्रोग्रामच्या चार ओळी बदलल्या असत्या तर तोही चालला असता. पण त्या चार ओळी बदलायला तो तयार नव्हता, आणि मलाही तोवर डबा कुठे अडतोय ते बघायचंच होतं.

आता मालकांना दुसऱ्या भट्टीला तसाच डबा हवा आहे. गोदामात आणखी एक पडून आहे म्हणे. त्याला मी नाही म्हणालो. ऑगस्ट २०२५ ची डेबियन १३ ही आर्मेलची शेवटची आवृत्ती, आणि त्या तेराव्या आवृत्तीतही किर्कवूडसाठी कर्नल नाही. चालू डबा बारावर आहे तसा राहील, बाहेरच्या नेटवर्कला जोडायचा नाही. दुसऱ्या भट्टीला दशांशाचं हार्डवेअर असलेला साधा बिनपंख्याचा बोर्ड लावायचा आणि रॅम किमान दोन जीबी. मालकांनी विचारलं, दोन्हीतलं महत्त्वाचं कुठलं. मी रॅम म्हणालो.